आंघोळीचे पाणी, गुऱ्हाळाचे चुलवाण आणि जिल्ह्याची ऊर्जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्याची ऊर्जा कोणती, असा विषय निघाला की कोल्हापुरात बोलणे सौर पॅनेलपासून सुरू होते आणि पॅनेलवरच संपते. पॅनेल हवेतच. पण या जिल्ह्यात जे जळते त्यातले बरेचसे विजेसाठी जळत नाही, नुसत्या उष्णतेसाठी जळते. उसाचा रस आटवायचा, आंघोळीचे पाणी तापवायचे, भाकरी भाजायची, बीड (ओतीव लोखंड) वितळवायचे, कारखान्याला वाफ पुरवायची. लोकांच्या छातीत जाणारा धूर यातूनच निघतो, आणि याच कामांचा हिशोब कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत कोल्हापूर आहे. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 5 वर आणली. एवढे अंतर नुसती विजेची तार बदलून कापता येणार नाही. म्हणून या पत्रात आम्ही उष्णतेबद्दलच जास्त लिहीत आहोत.

सगळ्यात साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. चार माणसांच्या घराला सकाळी साधारण 100 लिटर गरम पाणी लागते. ते 35 अंशांनी तापवायचे तर 3,500 किलोकॅलरी उष्णता हवी. गीझरवर तापवले तर याचे चार युनिट होतात. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे एका घराच्या एका सकाळच्या आंघोळीला पावणेतीन किलो कोळसा जळाला. देशी कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राख असते. ती किलोभर राख चंद्रपूर, कोराडी, परळीच्या वाट्याला जाते. शिवाय कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. ती वीज शेकडो किलोमीटर आणायची आणि न्हाणीत तिची पुन्हा उष्णता करायची, हा उलटा प्रवास आहे. परसातला तांब्याचा बंब वापरला तर हेच पाणी तापायला साडेतीन किलोच्या आसपास लाकूड लागते. हिवाळ्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत कोंडून राहते, त्यामुळे त्या लाकडाचा धूर गल्लीतच लोंबकळतो. बंबात दुधाच्या पिशव्या आणि थर्माकोल गेला तर त्या धुराला विषही चढते.

100 लिटरचा सौर बंब, म्हणजे दोन चौरस मीटरचा संग्राहक, वर्षातले आठ महिने हे काम चोख करतो. कोल्हापूरचा अक्षांश 17 अंशांच्या आत आहे. हिवाळ्यात जास्त उष्णता हवी म्हणून संग्राहक दक्षिणेकडे तोंड करून 25 ते 30 अंशांच्या कलात बसवावा. बिघडते ते बहुधा बसवण्यात आणि पाण्यात. बोअरचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतात आणि तीन-चार वर्षांत पाणी कोमट येऊ लागते. वर्षातून एकदा क्षार काढून घेतले पाहिजेत किंवा संग्राहकात फिरणारे पाणी वेगळे ठेवणारा प्रकार घेतला पाहिजे. गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या 15 मीटर लांब पाऊण इंची पाइपात चार लिटरहून जास्त पाणी रात्रभर थंड होऊन बसते आणि रोज सकाळी ते ओतून द्यावे लागते. पाइप जवळून नेला आणि त्यावर वेष्टण चढवले तर हे टळते. हवेची नळी कोणी बुच मारून बंद केली की टाकी फुगते. या चार गोष्टी सांभाळायला मोठी विद्या लागत नाही, फक्त बसवणाऱ्याने सांगायला हव्यात.

वीज साठवून ठेवण्यासाठी सह्याद्रीच्या कड्यांवर उदंचन प्रकल्पांचे प्रस्ताव आले आहेत, त्यात आपल्या भुदरगडातल्या पाटगाव परिसराचाही आहे. या प्रकल्पात दिवसा स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची असते. 400 मीटरवरून 1,000 लिटर पाणी खाली आले की साधारण एक युनिट वीज मिळते, आणि तेवढे पाणी वर चढवायला सव्वा युनिटच्या पुढे खर्ची पडते. घाटघरचे 250 मेगावॉटचे केंद्र राज्यात याच तत्त्वावर चालते. तंत्र खरे आहे आणि सूर्य मावळल्यावरच्या विजेसाठी त्याची गरजही पडेल. पण हिशोब मांडून पाहा. एका घराच्या 100 लिटर गरम पाण्यासाठी 4,000 लिटर पाणी सह्याद्रीवरून खाली पडावे लागते! जे काम गच्चीवर दोन चौरस मीटरांत होते त्यासाठी डोंगर पोखरायची आणि पश्चिम घाटातले झरे व जंगल पणाला लावायची वेळ येऊ नये. साठवणीची गरज आधी कमी करा, उरेल तिला जागा शोधा, हा क्रम आम्हाला बरोबर वाटतो.

आता गुऱ्हाळाकडे वळू, कारण कोल्हापुरी गुळाचे नाव ज्या चुलवाणावर, म्हणजे रस आटवायच्या भट्टीवर, उभे आहे, त्याच चुलवाणात जिल्ह्याची उष्णता सर्वांत जास्त वाया जाते. एक आदण, म्हणजे काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) एका वेळी घेतलेला रस, हजार किलोचे धरा. रसाचे ब्रिक्स 20 असेल, म्हणजे रसात वजनाने 20 टक्के साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ असतील, तर त्यातून साधारण 200 किलो गूळ उतरतो आणि पावणेआठशे किलोहून जास्त पाणी वाफ होऊन जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला 540 किलोकॅलरी लागतात. रस उकळीला आणण्याची उष्णता धरून एका आदणाला सुमारे 4 लाख 90 हजार किलोकॅलरी हव्यात. रस काढल्यावर उरलेले उसाचे चिपाड उन्हात नीट वाळले तर किलोला साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी देते. म्हणजे एक कणही वाया न जाता सगळी उष्णता काहिलीला लागली तर 140 किलो चिपाड पुरे. प्रत्यक्षात जुन्या एका काहिलीच्या चुलवाणात उष्णतेचा चौथा हिस्साच रसापर्यंत पोचतो, त्यामुळे 560 किलो लागते. आता दुसरी बाजू पाहा. हजार किलो रसासाठी 1,600 किलोच्या आसपास ऊस गाळावा लागतो आणि त्यातून वाळके चिपाड मिळते 320 किलोच्या घरात. तूट झाली 240 किलोची, तीही एका आदणामागे. ही तूट भरायला जळाऊ लाकूड येते, आणि जिथे लाकूड परवडत नाही तिथे टायर, जुने रबर, प्लास्टिक. टायरमधले गंधक आणि क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचे विषारी वायू जाळ घालणाऱ्याच्या नाकात, वरच्या काहिलीभोवती आणि शेजारच्या वस्तीत पसरतात. टायर जाळू नका अशी नोटीस काढून हे थांबत नाही. तूट बुजली की ते आपोआप थांबते, आणि तूट बुजवायला चुलवाणाची कार्यक्षमता 45 टक्क्यांपर्यंत न्यावी लागते. मग 310 किलोत आदण उतरते आणि घरचे चिपाड पुरते.

उष्णता जाते कुठे? पहिली गळती ओल्या चिपाडाची. घाण्यातून निघालेल्या चिपाडात निम्मे पाणी असते आणि तसे जाळले तर किलोला 1,800 किलोकॅलरीच उरतात. अवकाळी पावसाने गंजी भिजली की गुऱ्हाळमालक हतबल होतो आणि नेमके तेव्हाच बाहेरचे जळण येते. गंजीवर साधी ताडपत्री आणि खाली दगडांचा वा बांबूचा उंचवटा एवढ्याने बरेच साधते. दुसरी गळती उघड्या तोंडाची. जाळ घालायच्या तोंडातून गरजेच्या दुप्पट-तिप्पट हवा आत जाते, ती हवा जाळाच्या उष्णतेवर तापते आणि काहिलीला न शिवता धुराड्यातून निघून जाते. चुलवाणाला झाकणी हवी आणि हवा खालून, बिडाच्या जाळीतून यायला हवी. जाळी नसलेल्या चुलवाणात चिपाड राखेच्या ढिगावर पडते, ढिगाच्या पोटात हवा शिरत नाही आणि तिथे ते जळण्याऐवजी धुमसते. जाळीच्या पट्ट्यांत बोटभर फट ठेवावी, खाली राख उपसण्याएवढा खड्डा ठेवावा आणि प्रत्येक आदणानंतर राख काढावी. राख जाळीपर्यंत चढली की हवा बंद होते आणि मग पट्ट्याही वाकतात. जाळी काहिलीच्या फार जवळ घेऊ नये. ज्वाला पुरी जळण्याआधीच थंड बुडाला टेकली की काजळी धरते, आणि काजळीचा थर उष्णता अडवतो. बूड दर आठवड्याला खरवडले तरच जाळाची धग रसात उतरते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गळती धुराड्याची. धुराड्याच्या बुडाशी तापमापक तार घालून पाहिली तर 500 अंशांच्या पुढचा आकडा सहज दिसतो. धुराचे तापमान 20-22 अंशांनी उतरले की साधारण एक टक्का जळण वाचते, असा भट्ट्यांचा ठोकताळा आहे. म्हणून मुख्य काहिलीमागे, धुराच्या वाटेवरच, दुसरी काहील ठेवायची आणि पुढच्या आदणाचा रस तिच्यात तापवायचा. रस नुसता 30 वरून 70 अंशांवर आला तरी एकूण उष्णतेतले सात-आठ टक्के वाचतात. तिथेच उकळी आली तर बचत कितीतरी जास्त. राधानगरी धरणाच्या पायथ्याचे वीजगृह शेतीसाठी सोडलेल्या पाण्यावरच चालते. एकाच पाण्याकडून दोन कामे करून घ्यायची ही रीत शाहू महाराजांच्या या जिल्ह्याला नवी नाही, ती फक्त चुलवाणाच्या धुराला लावायची राहिली आहे.

गुळव्यांचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरांचा, याला आक्षेप असतो आणि तो खरा आहे. पाक 116 ते 118 अंशांना आला की जाळ मिनिटभरात पडावा लागतो, नाहीतर गूळ करपतो, काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. जाड उष्णतारोधक विटांचे चुलवाण उष्णता धरून ठेवते. म्हणून अशा विटा धुराच्या वाटेला आणि दुसऱ्या काहिलीभोवती घालाव्यात, मुख्य काहिलीच्या ऐन बुडाखाली नव्हे. धुराड्यात सरकती झडप बसवली तर ती लोटून जाळ दमात घेता येतो. ती झडप गुळव्याला उभ्या जागेवरून ओढता आली पाहिजे, इतक्या जवळ तिची साखळी हवी. चुलवाण बदलताना अभियंत्याने नकाशा करावा आणि गुळव्याने तो खोडून दुरुस्त करावा, तेव्हाच ते टिकते. जाळ घालण्याची सवयही बदलावी लागेल. चिपाडाचा भारा एकदम टाकण्यापेक्षा मूठमूठ पण सतत टाकावे. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढरा दाट धूर म्हणजे चिपाड ओले. आणि धूर मुळीच नाही पण धुराडे घोंघावते आहे म्हणजे हवा जास्त, झडप थोडी लोटा. जमिनीखालच्या खड्ड्यात दिवसभर धगीसमोर बसणाऱ्या माणसाला झाकणी आणि जाळीने मिळणारा आराम कुठल्याही अनुदानाच्या आकड्यात दिसत नाही, पण तोही या कामाचाच भाग आहे.

उसाच्या पाचटाबद्दल, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरणाऱ्या वाळक्या पाल्याबद्दल, थोडक्यात लिहितो. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते आणि काडी लावली की त्यातले नत्र जवळपास सगळे हवेत जाते. ही उष्णता तर कोणाच्याच कामाची नाही. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत पसरावे, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. वरवर कोरडे राहिले तर ते कुजत नाही आणि शेतकरी कंटाळून पेटवतो. बहुतेक ठिकाणी फसते ते इथेच. पाचटाखाली ओल टिकते, खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला) पाण्याच्या पाळ्या कमी लागतात आणि मोटरची वीजही वाचते.

गोठ्याकडे येऊ. दुधाच्या या जिल्ह्यात घराघरात म्हशी आहेत, आणि दोन घनमीटरच्या बायोगॅस संयंत्राला रोज 50 किलो शेण पुरते. एक म्हैस दिवसाला 15 किलोच्या आसपास शेण देते. दोनच म्हशी असतील तर एक घनमीटरचे, 25 किलोवाले संयंत्र घ्यावे. मोठे बांधून अर्धे भरणे ही नेहमीची चूक, त्यात गॅस पुरत नाही आणि नाव बायोगॅसचे खराब होते. एक घनमीटर गॅस साधारण 430 ग्रॅम एलपीजीच्या बरोबरीचा असतो. दोन घनमीटरच्या संयंत्राने निम्म्या ताकदीने काम केले तरी महिन्याला जवळजवळ एक सिलिंडर निघतो. चुलीपुढे बसून रोज दोन-तीन तास धूर गिळणाऱ्या बाईच्या छातीचा खोकला हा याचा खरा हिशोब. सिलिंडर घरात आहे पण भरायला पैसे नाहीत म्हणून चूल पुन्हा पेटते, अशा घरांना या गॅसइतका आधार दुसरा नाही.

पण गावोगावी बंद पडलेली संयंत्रे का दिसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. शेण आणि पाणी सम प्रमाणात कालवायचे असते, गोठ्यातली वैरणीची काटके त्यात गेली तर वर साय धरते आणि गॅस अडतो. गोठा धुताना वापरलेला फिनाईल किंवा साबण आत गेला की जिवाणू मरतात. पावसाळ्यात अंगणाचे पाणी टाकीत शिरले तर शेण-पाण्याचा काला पातळ होऊन गॅस बंद होतो, म्हणून तोंडाभोवती वीतभर उंच कट्टा हवा. ज्योत फरफरते, मधेच विझते, तेव्हा बहुतेक वेळा पाइपात पाणी साठलेले असते. पाइपाला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवायची आणि आठवड्याला ती सोडायची, एवढेच. एलपीजीची शेगडी या गॅसला चालत नाही, छिद्र मोठे असलेली वेगळी शेगडी लागते. थंडीत काला 20 अंशांखाली गेला की गॅस घटतो, तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवले तर फरक पडतो. घुमटाला बारीक चीर गेली तर साबणाच्या पाण्याने शोधून बुजवायची. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवणारा वायू आहे, गळके संयंत्र पर्यावरणाचे भले करत नाही. आणि दोन गोष्टी जिवाच्या. नव्या संयंत्रातला पहिला गॅस हवेशी मिसळलेला असतो, तो दोनदा सोडून दिल्याशिवाय काडी लावू नये. टाकीत कोणी कोणत्याही कारणाने उतरू नये, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. जिल्ह्यात नवीन संयंत्रांची उद्दिष्टे ठरतात, पण जुन्या संयंत्रांना चीर बुजवणारा गवंडी आणि तोटी बदलणारा माणूस मिळत नाही. तालुक्याला असे चार-पाच हात तयार केले तर बंद संयंत्रे नव्यापेक्षा कमी पैशांत चालू होतील.

साखर कारखान्यांकडे बगॅस, म्हणजे त्यांचे चिपाड, भरपूर असल्याने वाफेची काटकसर मागे पडते. दिवसाला 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्याने वाफेचा वापर उसाच्या 50 टक्क्यांवरून 40 वर आणला, तर रोज 500 टन वाफ, म्हणजे साधारण सव्वादोनशे टन बगॅस वाचते. त्यातून हंगाम संपल्यावरही वीज करता येते. शिवाय हंगामात आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काळी कोळशीही त्या प्रमाणात घटते, मात्र धूर धुणारी यंत्रणा रात्रीसुद्धा चालू असली पाहिजे. आजूबाजूचे लोक रात्रीच्या धुराचे आकडे मागतात ते उगाच नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रींत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत, बहुतेक वीज भट्टीतच खर्च होते. एक टन बीड वितळवून 1,500 अंशांवर न्यायला शास्त्राप्रमाणे 400 युनिटांच्या आत लागतात. विजेवर चालणाऱ्या चांगल्या इंडक्शन भट्टीला 550 ते 600, आणि ढिसाळ कारभारात 700 च्या वर जातात. फरक कुठून येतो? भट्टीचे 40 सेंटिमीटर व्यासाचे तोंड उघडे ठेवले तर नुसत्या प्रारणाने, म्हणजे बाहेर फेकल्या जाणाऱ्या धगीने, तासाला 20-25 युनिट आभाळात जातात. झाकण असते, पण स्क्रॅप टाकताना अडचण होते म्हणून ते भिंतीला टेकवलेले असते. गंजके आणि वाळू लागलेले स्क्रॅप तसेच टाकले की त्याचा मळ वितळवायला वीज लागते, तो मळ भट्टीचे आतले अस्तर (लायनिंग) खातो आणि वर उष्णता फेकत राहतो. साचे तयार नसल्याने वितळलेले बीड धरून ठेवणे हा आणखी एक अदृश्य खर्च, तो भट्टीवाल्याच्या नव्हे, मोल्डिंगवाल्याच्या हातात असतो. देशातल्या विजेमागे युनिटला साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. टनामागे 100 युनिट वाचले तर 70 किलो. प्रत्येक भट्टीला स्वतंत्र मीटर आणि दर पाळीला फळ्यावर युनिट प्रति टनाचा आकडा, इथून सुरुवात करावी.

छतावरच्या सौर विजेबद्दल माहिती आता सगळीकडे मिळते. 3 किलोवॉटला केंद्राचे 78,000 रुपये अनुदान आहे, सरासरी दिवसाला 12 युनिट मिळतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात याच्या निम्म्यानेच समाधान मानावे लागते. कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी हंगामात काच आठवड्याला धुवावी. मात्र एक गोष्ट बसवणारे सांगत नाहीत. साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतो, कारण दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 43 फुटांच्या धोका पातळीच्या किती वर गेली हे सर्वांना आठवते. 2019 मध्ये शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रे बुडाली आणि पुराने वेढलेल्या शहरात नळाला पाणी नव्हते. अशा वेळी छतभर पॅनेल असूनही दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंदच राहील. दवाखाने, पूरनिवारा शाळा आणि पाण्याची केंद्रे यांना बॅटरीसह हायब्रिड, म्हणजे बाहेरची वीज गेली तरी चालू राहणारा, इन्व्हर्टर हवा. त्यांचे पॅनेलबोर्ड आणि रोहित्रे 2021 च्या पातळीच्या वर उचलायला हवीत. सौर ऊर्जेचा खरा कस तिथे लागेल.

शेतीपंपांना सौर वाहिन्यांवरून दिवसा वीज मिळू लागली, तर राधानगरीकडे गव्यांच्या आणि चंदगड-आजऱ्याकडे हत्तींच्या भीतीत रात्री पाणी पाजण्याची पाळी टळेल. या एका कारणासाठीही हे काम लवकर व्हावे. तोवर शेतकऱ्याने ऑटो स्विच काढून टाकावा. वीज येताच डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते आणि डीपी जळतो. 5 अश्वशक्तीच्या मोटरला 2 आणि साडेसातच्या मोटरला 3 केव्हीएआर क्षमतेचा, तारेतून ओढला जाणारा करंट कमी करणारा कपॅसिटर बसवावा. 63 मिलिमीटरऐवजी 75 चा पाइप टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहून कमी होते.

जिल्हा नियोजनाकडे आमची मागणी मोजकी आहे. विजेच्या आराखड्याबरोबर उष्णतेचा ताळेबंद करावा. कोणत्या तालुक्यात किती चिपाड, लाकूड, कोळसा, गॅस जळतो आणि त्यातले किती काहिलीला, भांड्याला, भट्टीला लागते, हे त्यात यावे. येत्या हंगामासाठी प्रत्येक ऊसपट्ट्यातल्या निदान एका गुऱ्हाळाला जाळी, झाकणी, झडप आणि दुसरी काहील बसवायला सहकारी बँकांनी कमी व्याजाचे कर्ज द्यावे. आदणामागे किती चिपाड लागले ते तोलून तिथेच फळ्यावर लिहावे. शेजारचा गुऱ्हाळमालक जाहिरातीवर विश्वास ठेवणार नाही, तराजूवर ठेवेल.

हे काम दसऱ्याला सुरू करून जमणार नाही. नव्या चुलवाणाच्या विटा आणि माती सावलीत तीन आठवडे वाळावी लागते, मग चार-पाच दिवस मंद जाळ द्यावा लागतो. ओल्या भिंतीला एकदम मोठा जाळ दिला की ती पहिल्याच आदणाला तडकते. कर्जाचे कागद आषाढात मंजूर झाले तरच गवंडी श्रावणात कामाला लागेल.

आपले,
ऊर्जा लेखापरीक्षण आणि यंत्र अभियांत्रिकीत काम करणारे काही कोल्हापूरकर